आधीची बरी की आताची

प्रिय दादा,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं. खोडलं नाही, कारण खाडाखोड केलेलं पत्र पाठवू नये, असं आईने शिकवलंय.

माझ्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ होत शंकूसारखा पुढे आलाय. नेत्रदानात मिळालेल्या पटलाची चंद्रकोरीसारखी पट्टी आत सरकवून आकार सुधारता येतो, पण माझ्या पटलावर व्रण पडलाय, त्याला उशीर झाला. सगळं पटल बदलण्याऐवजी डॉक्टरबाई वरचे थर दात्याचे बसवणार आणि सर्वांत आतला माझाच ठेवणार. म्हणजे शरीराने परकं पटल नाकारण्याची भीती कमी. कुणाच्या तरी घरी रडारड झाल्यावर माझा फोन वाजणार, याची मला रोज लाज वाटते.

तुला लाज वाटते का? तुझ्या चष्म्याच्या दुकानातल्या खुर्चीवर मी नऊ वर्षं बसले. त्या जड चौकटीत भिंगं बदलत तू विचारायचास, ‘आधीची बरी की आताची?’ मला दोन्हींतून अक्षरं सारखीच फुटलेली दिसायची. ‘सारखीच’ म्हटलं की गिऱ्हाइकांसमोर म्हणायचास, ‘हिला उद्या नवराही निवडता येणार नाही.’ सगळे हसायचे आणि मी घाबरून ‘आताची’ म्हणून मोकळी व्हायचे. ते खोटं माझं, मान्य. पण दर सहा महिन्यांनी नंबर बदलताना तुला शंका आली नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवते म्हटलं, तर घरात चष्मेवाला असताना लोक काय म्हणतील, हे तुझं उत्तर. छापखान्यात मुद्रितं तपासताना एका ओळीच्या तीन दिसायला लागल्या, तेव्हाही मी स्वतःलाच वेंधळी म्हणत राहिले. तुझी माफी नको. शस्त्रक्रियेच्या दिवशी दवाखान्यातही येऊ नकोस.

तरी लिहितेय, कारण रविवारी तुझी लेक आली होती. मुठीने डोळे चोळत विचारत होती, आत्या, दिव्यांना शेपट्या का असतात? पाचवीतच तिसरा चष्मा. बाबांनी विचारलं की ती ‘आताची’च म्हणते, म्हणजे बाबा ओरडत नाहीत. आजार हाच असला आणि पटल अजून पुरेसं जाड असलं, तर थेंब आणि किरणांनी ते घट्ट करून बहुधा तिथेच थांबवता येईल. तिला कुणाच्या डोळ्याची वाट बघावी लागू नये. मंगळवारी सकाळी दहाला डॉक्टरबाईंकडे तिचं नाव नोंदवलंय. तू नेलं नाहीस, तर मी नेईन, एका डोळ्याने.

तुझी नाही, तिचीच,
आत्या