सोड्याचं पाणी

अण्णा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, आणि तुम्हाला सांगायलाच हवं असं माझ्याकडे एकच होतं, तेच राहून गेलं. रोज समोरासमोर बसून जेवत होतो तेव्हा जीभ उचलली नाही, आणि आता या वयात कागद घेऊन बसले आहे. दुष्काळाच्या वर्षी ताईच्या वांग्यांच्या वाफ्यात सोड्याचं पाणी ताईनं सोडलं नव्हतं. मी सोडलं होतं.

भिंगारच्या आपल्या क्वार्टरमागची ती जागा आठवते ना? चार खाटा टाकल्या असत्या तर संपली असती, पण तुम्ही तिला शेत म्हणायचात. सोनईकडची जमीन भावांकडे ठेवून तुम्ही लष्कराच्या वर्कशॉपात फिटर झालात, तरी हाताचं ग्रीस निघालं रे निघालं की तुमची पावलं मागच्या दाराकडे. चार वाफे होते. आईची मेथी-कोथिंबीर, तुमचा घेवडा, ताईची वांगी आणि माझी मिरची. ज्याचा वाफा त्यानं सांभाळायचा, आणि गावाकडे कॅनॉलवर असते तशी इथे मोरीच्या पाण्याला पाळी. त्या वर्षी नळ तीन-तीन दिवस यायचा नाही. मग आंघोळ मागच्या फरशीवर, तरटाच्या आडोशाला, अंगाला साबणाऐवजी डाळीचं पीठ लावून. आणि चौघांचं ते पाणी पाटानं, ज्याची पाळी असेल त्याच्या वाफ्यात. रविवारच्या धुण्याचं सोड्याचं पाणी मात्र भाजीला चालायचं नाही, ते कुंपणाच्या मेंदीकडे वळवायचं. दारं धरायचं, म्हणजे इथली माती फोडून पाणी तिथे न्यायचं, हे रविवारचं काम माझ्याकडे होतं. माझ्यावर विश्वास होता म्हणून. "पाळी म्हंजी पाळी," तुम्ही म्हणायचात, "हितं लाडकं-दोडकं कुणी न्हाई."

उपदेश करणं तुमच्या स्वभावात नव्हतं. मुलींना काही शिकवायचं असलं की तुम्ही त्यांना मातीत बसवायचात आणि स्वतः शेजारी बसायचात. त्या वर्षी तुम्ही भंगारातून ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी आणून खुरपं केलं. छोटंसं, बाभळीच्या मुठीचं, मुलीच्या हातात बसेल असं. आठवडाभर तुम्ही मूठ घासत होतात आणि मी ती मनातल्या मनात माझ्या हातात धरून बघत होते. धाकटी मी, मग खुरपं दुसऱ्या कुणाचं असणार? ताईच्या वांग्याला पहिलं फूल आलं त्या दिवशी तुम्ही ते तिच्या हातात दिलंत. मी विचारलं, "आन् मला?" तुम्ही हसून म्हणालात, "तुजी मिरची लागू दी, मग बघू." माझ्या मिरचीवर बोकड्या पडला होता, पानं सगळी आखडून गेलेली. तुम्हाला ते माहीत होतं, तरी तुम्ही हसलात, असं मला वाटलं. मला तेव्हा भारी राग आला. अजूनही येतो.

पुढच्या रविवारी तुम्ही बाजारात गेलेले. ताई हंडा घेऊन टँकरच्या रांगेत. आई कपडे आपटते आहे, तिची पाठ माझ्याकडे आहे, आणि पाटातून पांढुरकं पाणी माझ्या पायाशी येऊन थांबलं आहे. मी मेंदीकडचा बांध तसाच ठेवते आणि ताईच्या वाफ्याची माती पायानं फोडते. पायानंच. हात लावायची हिंमत झाली नाही. पाणी आत शिरलं तेव्हा माती नेहमीसारखीच ते प्यायली. आईनं मान वळवायच्या आत मी बांध घालून मोकळी झाले होते. एकदा झालं असतं तर रागाच्या भरात झालं म्हटलं असतं. पण मी तीन रविवार ते केलं, अण्णा.

वांग्याची पानं कडेनं करपली, मातीवर पांढरी पापडी धरली. तुम्ही उकिडवे बसलात, चिमूटभर माती जिभेवर ठेवलीत आणि थुंकलात. "सोडा हाय ह्यो. कुणी सोडला?" तुम्ही कुणाकडे बघायच्या आतच मी बोलले, "ताईनं, माज्या माघारी. तिला पानी पुरंना." दहा वर्षांच्या पोरीला इतकं बेमालूम खोटं कसं सुचलं कोण जाणे. दोनच दिवसांपूर्वी ताईनं तुमच्याकडे अर्धी बादली जास्त मागितली होती, ते मी बरोबर लक्षात ठेवलं होतं. ताई म्हणाली, "मी न्हाई, अण्णा. आईशप्पथ न्हाई." तुम्ही आवाज चढवला नाहीत. "वाफा जळला त्याचं काय न्हाई. पर तू खोटं बोलतीस, ह्याचं वाईट वाटतंय," एवढंच म्हणालात, आणि तिच्या हातातलं खुरपं काढून माझ्या हातात दिलंत. मी ते घेतलं. त्याच संध्याकाळी त्या खुरप्यानं माझ्या मिरचीतलं गवतही काढलं. तुम्ही ओट्यावर चहा पीत कौतुकानं बघत होतात आणि ताई आत आईच्या मागे बसून कणीक मळत होती.

त्यानंतर ताई वाफ्याकडे फिरकली नाही. मॅट्रिक झाल्यावर तिच्या कॉलेजचं निघालं तेव्हा तुम्ही आईला म्हणालात, "धाकटीला शिकवू. थोरलीला दम न्हाई." एका वाफ्यावरून कुणी लेकीचं शिक्षण ठरवत नाही, असं मी स्वतःला समजावत आले. पण ताईला दम नाही हे तुम्हाला दुसरं कुठे दिसलं होतं? तिचं लग्न नागापूरच्या कारखान्यातल्या मुलाशी झालं, मी शिक्षिका झाले. आणि निर्लज्जपणा बघा, दर पावसाळ्यात शाळेच्या बागेत मुलांना घेऊन बसले की मी हीच गोष्ट सांगायचे. एका मुलीनं पाण्याच्या हावेपायी आपलाच वाफा कसा जाळला आणि तिच्या वडिलांनी तिला न मारता कसं शिकवलं. मुलं अगदी गप्प बसून ऐकायची. तुमचं नाव निघायचं, मला भरून यायचं, आणि ते भरून येणं खरं असायचं. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आता माझ्या लेकीनं घरामागे वाफे केले आहेत. मोबाईल बाजूला ठेवून मुलांनी मातीत हात घालावा, काही शिकावं, म्हणून. परवा ती म्हणाली, "आई, आजोबा तुम्हाला कसं शिकवायचे ते सांग ना यांना." आणि मी सांगितलं. तेच, तसंच. सात वर्षांची नात डोळे मोठे करून म्हणाली, "म्हणजे मोठी आजी खोटं बोलली?" मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "लहान होती गं ती तेव्हा. असं व्हायचंच." नातीदेखत मी ताईला माफ केलं, अण्णा.

येत्या रविवारी ताई वाफे बघायला येणार आहे. गुडघे दुखतात तिचे, तरी येते म्हणाली. या वेळी तिला सांगून टाकायचं, असं ठरवून मी हे लिहायला बसले. आधी तुमच्याजवळ बोलून बघावं म्हणून. हे पत्र कुठे टाकायचं नाही, घडी करून पुस्तकात ठेवीन. पण इथवर लिहिलं आहे तर एक आणखी लिहिते. आज सकाळी मी नातीला बाजूला घेऊन बजावलं, की मोठी आजी आली म्हणजे तिच्यासमोर त्या वाफ्याचा विषय काढायचा नाही. "का?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "तिला लाज वाटते त्याची."