निळ्या चिंधीचा कॉम्प्युटर

रविवार, ता. ८

चि. ठकूस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

सगळ्यात आधी आल्या त्या बोलणं शिकवणाऱ्या बाई, आणि त्यांच्या मागून पिशवी सांभाळत एक चष्मेवाली, कॉम्प्युटरची. मी केस विंचरत होते, तशीच फणी डोक्यात खोवून दार उघडलं. पिशवीतून पाटीएवढा सपाट कॉम्प्युटर निघाला. त्यावर चौकोन, चौकोनांत चित्रं. पेल्याला बोट लावलं की आतली कुणी बाई पाणी म्हणते, उशीला लावलं की झोप. अर्धांगाचा झटका आल्यापासून माझ्या ताईच्या तोंडून शब्द नाही, तुला ठाऊकच आहे. ते ऐकता ऐकता एकच चहा मी दोनदा गाळला.

पण ताईनं बोट लावलंच नाही. बाईंनी चुचकारलं, मी लाडीगोडी केली, ती आपली चांगला हात मांडीखाली दाबून खिडकीबाहेर बघत बसली. बाई म्हणाल्या, राहू दे इथं, आम्ही परत येऊ. तोवर वापरला नाही तर मात्र नेऊ, वाट बघणारे पुष्कळ आहेत. चष्मेवाली म्हणाली, आजी, आधी तुम्ही शिका. म्हटलं, पोरी, मी दुसरीत शाळा सोडलेली, मला दिव्याचं बटण दाबतानाही धाकधूक होते.

धूळ बसू नये म्हणून त्याला फुलाफुलांची खोळ शिवली आहे. तू दिवसभर असल्याच यंत्रापुढे बसतेस, तूच सांग काय करू. त्यांनी तो नेला तर या घरात नुसतं घड्याळ बोलत राहील.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी


गुरुवार, ता. १२

ती. आजीस, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

फोनवर सांगितलं तर तू हो हो म्हणून विसरशील, म्हणून लिहिते. तुझ्या पत्रात फणीपाशी आले आणि मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्यानं विचारलं, पगार वाढला का.

आधी ती खोळ काढ. नुसतं बोट लावून काही बिघडत नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी मलाही वाटलं होतं की चुकीचं बटण दाबलं तर अख्ख्या ऑफिसात अंधार होईल. झाला नाही. अगदी खालच्या ओळीत रिकामे चौकोन असतील. त्यावर बोट जरा वेळ दाबून धर, तो तुझ्याकडे फोटो मागेल, मग आवाज मागेल. तुला हवा तो शब्द घाल.

मोठ्या आजीवर जबरदस्ती करू नकोस. लहानपणी तुमच्या शिवणाच्या दुकानात मी तिच्या शिलाई मशीनचं चाक फिरवलं होतं, तर दिवसभर ती माझ्याशी बोलली नव्हती, आठवतं का?

आशीर्वाद असेच वाहते ठेव.

तुझी ठकू


मंगळवार, ता. १७

चि. ठकूस, आजीचे ओंजळभर आशीर्वाद.

तुझं पत्र आरशाला चिकटवलं आहे, तोंड बघताना धडा होतो. तू मशीनचं लिहिलंस आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. दुकानात आम्ही चौघी शिवायला, प्रत्येकीच्या मशीनच्या चाकाला तिच्या रंगाची चिंधी. दुसरीच्या मशीनला हात लावायचा नाही, टाका बिघडतो. ताईची चिंधी निळी. मग हे परक्यानं आणलेलं यंत्र, त्याला ती कशी हात लावील? निळी चिंधी शोधून कॉम्प्युटरला बांधली, तो ताईच्या मांडीवर ठेवला आणि मी आडवी झाले.

ऊन पडद्यातून दुधासारखं झिरपत होतं. डोळा लागला. स्वप्नात आमचं जुनं दुकान पाण्यावर तरंगत होतं आणि कुणी बाई म्हणत होती, पाणी, खिडकी, झोप, पाणी. मी पेला भरायला उठले तेव्हा कळलं, दुकान स्वप्नातलं, पण बाई खरीच बोलते आहे. ताईचं बोट चित्रांवरून फिरत होतं, कापडाचा पोत बघावा तसं.

पाणी दिलं, तर तिनं नकोवर बोट ठेवलं. चहा दिला, नको. म्हटलं, मग मागितलंस कशाला, तर नको नको नको. ठकू, किती महिन्यांनी आम्ही भांडलो. जिंकली तीच, नेहमीसारखी.

मग रिकामा चौकोन दाबून धरला. माझा फोटो काढला, त्यात निम्मा कानच आला. आवाज घालायला गेले तर आधी ठसका गेला, मग शब्द. शब्द म्हणजे माझं लहानपणचं नाव, चिंगे. आता मी कुणाची आजी, कुणाची काकू. त्या नावानं हाक मारणारी जगात ताई एकटी उरली, आणि तिचीच जीभ अडकलेली.

तिनं त्या कानाकडे बराच वेळ पाहिलं, मग बोट ठेवलं. आधी ठसका, मग चिंगे. आवाज माझा, पण हाक तिची. मी ओ दिली. काय गं, विचारलं, तर काम काहीच नव्हतं. तिनं पुन्हा हाक मारली, मी पुन्हा ओ दिली. दिवे लागेपर्यंत आमचं हेच चाललं होतं, भाजी जळली तरी कुणी उठलं नाही.

जीव लाव, आहे त्याहून जास्त.

तुझी आजी

ता. क. बाईंना फोन केला. म्हणाल्या, वापरते आहे तर राहील तिच्याकडेच, पण एकदा डोळ्यांनी बघून जाऊ. ते ऐकून ताईनं कॉम्प्युटर पांघरुणात ओढून घेतला. बाई नि चष्मेवाली, दोघी शुक्रवारी सकाळी येणार आहेत.