कुणी विचारलं तर, जपानी गार्डन

१२ मार्च २००६
मिलिंदने आज परत डायनिंग टेबलवर कागद पसरले. मागच्या अंगणात लाल मेपल. कोपऱ्यात काळा पाइन. पुढे दाराशी वीपिंग चेरी, म्हणजे ती फांद्या खाली सोडून रडणारी. खाली पांढरी खडी, दगडाचा दिवा. घर घेऊन वर्ष नाही झालं आणि ह्या माणसाला जपान हवाय. ॲशबर्नच्या ह्या लाल चिकणमातीत माझी साधी कोथिंबीर उगवत नाही.

विचारलं, जपानीच का? म्हणे, क्लासी दिसतं.

खरं कारण मला माहीत आहे. त्याच्या आईने जाण्याआधी सांगितलं होतं, स्वतःचं घर झालं की बुद्ध बसव. बसवायचा तर आहे. पण बुद्ध दिसला की इथली मराठी मंडळी ओळखणार, नागपूरकडचे, बौद्ध, म्हणजे कोण ते. म्हणून भोवती जपानी झाडं लावायची. कुणी विचारलं तर, जपानी गार्डनची थीम आहे. आईचा शब्द राहिला, शेजाऱ्यांत इभ्रतही राहिली. हुशार आहे नवरा माझा. डोकं फिरतं त्याच्या हुशारीने.

१९ मार्च
नर्सरीत गेलो. बुद्ध बेडकांच्या आणि लाल टोपीवाल्या बुटक्यांच्या मधे बसवला होता. सिमेंटचा, गुडघ्याएवढा. मि.ने ट्रॉलीत आडवा घातला. मी म्हटलं, निदान उभा तरी ठेव. म्हणाला, पडेल.

मेपल घेतला. पाइन कॅन्सल, त्याला दरवर्षी हाताने खुडत बसावं लागतं म्हणे. पुढच्या झाडाचं ठरेना. पुढे एकच झाड लावायचं, असा एचओएचा, म्हणजे इथल्या सोसायटीचा नियम. मि.ला चेरी हवी. मला मागच्या बाजूला जिन्कगो दिसला, पंख्यासारखी पानं. काउंटरवरची बाई म्हणाली, जपानमध्ये हा देवळांच्या अंगणात असतो, बुद्धिस्ट टेंपल्समध्ये. पिंपळ इथल्या थंडीत जगत नाही, ते मी आधीच शोधून बघितलं होतं. मग हेच आमचं झाड. तिथेच ठरवलं.

मि. म्हणाला, "कुणी विचारलं तर?"
"सांग जपानी आहे. तुझीच थीम."
"झाड गप्प बसेल गं. तू बसणार नाहीस."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला बरोबर ओळखलं. चेरी आणि जिन्कगो दोन्ही ऑक्टोबरपर्यंत होल्डवर ठेवली, पुढचं झाड थंडी लागताना लावा म्हणाली बाई. तोपर्यंत भांडायला वेळ आहे.

२ एप्रिल
मेपल लागला. त्याच्या बुडाशी बुद्ध, नेमका छपराच्या पन्हाळीखाली. पाऊस पडला की डोक्यावर धार. मि.ला सांगितलं. म्हणाला, आउटडोअर पीस आहे, काही होत नाही.

शेजारची वैशाली कुंपणावरून बघून धावतच आली. पुण्याची. तिचा आनंद आणि मि. एकाच गाडीतून ऑफिसला जातात. "कित्ती शांत वाटतं गं इथे! एकदम झेन. कुठून घेतलात?" मि. तिला झाडांची नावं सांगत होता, नर्सरीचा पत्ता देत होता, फुलला होता नुसता. जाता जाता ती म्हणाली, "वाडेगावकर म्हणजे नक्की कुठले हो तुम्ही?" हा प्रश्न तिने तिसऱ्यांदा विचारला. मि. म्हणाला, "आम्ही मूळचे अकोल्याकडचे." गावाचं नाव आडनाव म्हणून लावण्याचा हाच फायदा. माझं माहेरचं मेश्राम सांगितलं असतं तर एका शब्दात निकाल लागला असता.

१४ एप्रिल
जयंती. सकाळी बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला. फोटो बेडरूममध्ये आहे. घर घेतलं तेव्हा खाली हॉलमध्ये लावला होता, पहिल्या पॉटलकला, मंडळी जेवायला येणार म्हणून, मि.ने वर नेला, मग खाली यायचं नाव नाही. मी खीर केली. रमाला शाळेतून आल्यावर दिली, म्हटलं, आज काय आहे माहीत आहे का? मग मागच्या अंगणात नेऊन हात जोडायला लावले.

रमा म्हणाली, "बट मॉम, बुद्धा जपानीज होता ना?"

संध्याकाळी मि. आल्यावर बोलले. जे तोंडाला आलं ते. त्याने खीर खाल्ली आणि म्हणाला, सहा वर्षांची आहे, मोठी झाली की कळेल. कोण सांगणार आहे तिला? मेपल?

ह्यावर त्याचं म्हणणं, मी कॉलेजात काय काय ऐकलंय ते तुला माहीत नाही. माहीत आहे. मीही ऐकलंय. त्याने ऐकून तोंड लपवायचं शिकून घेतलं, मी नाही घेतलं, एवढाच फरक.

२३ एप्रिल
वै.ने तस्साच बुद्ध आणला. तसाच मेपल. आमच्या डेकवरून सरळ दिसतो. मि. खूश. "बघ, ट्रेंड सेट केला आपण."

२८ मे
माझे बाबा आले नागपूरहून. विमानातून उतरून आंघोळ करून पहिलं काम, मागचं दार उघडून अंगण बघितलं. पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं.

"काहून वो बाई, बुद्धाले असं पाण्यात बसवलं?"

मी म्हटलं, जावयाला विचारा. मि. म्हणाला, बाबा, ते डेकोरेशन आहे, जपानी पद्धतीचं. बाबा रेल्वेत होते, आयुष्यभर साहेबांचं ऐकून घ्यायची सवय. दुपारी मि. झोपला तेव्हा जुना टूथब्रश मागून घेतला, बसून मूर्ती घासली, शेवाळ काढलं. मग उचलून आत आणली. ह्या वयात. मी मदत करायला गेले तर म्हणाले, सरक. हॉलच्या खिडकीशी टेबल ओढलं, त्यावर पांढरा कपडा, त्यावर बुद्ध. वरून फोटोही आणला. रमाला जवळ बसवून त्रिशरण म्हटलं. ती त्यांच्यामागून एकेक शब्द म्हणत होती, उच्चार वाकडे. मि. जिन्यावर उभा राहून बघत होता, खाली आला नाही. पण त्याने काही हलवलंही नाही.

मला फार बरं वाटलं आज. मि.चा चेहरा बघून जास्तच.

११ जून
वै. डबा परत द्यायला आली. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि थबकली. "अय्या, आत का आणलात? तो बाहेरचा पीस होता ना?"

मि. पटकन म्हणाला, "पेंट करायचाय, म्हणून." मी किचनमधून ऐकलं.

बाबा खुर्चीतून उठले. "बाई, आम्ही बौद्ध आहोत. हे आमचं वंदनेचं ठिकाण आहे. जय भीम."

अगदी साधं बोलले, जसं बस कुठली ते सांगावं. वै.ने फोटोकडे बघितलं. मग मि.कडे, मग माझ्याकडे. "हो का? वाटलं नाही हो."

मी बाहेर येऊन विचारलं, "काय वाटलं नाही?"
"नाही, म्हणजे, कधी बोलला नाहीत ना तुम्ही." चहा घेतला नाही. गॅसवर काहीतरी ठेवून आले म्हणाली.

ती गेल्यावर मि. मला म्हणाला, "झालं समाधान?" मला, बाबांना नाही. बाबांना बोलायची हिंमत नाही. मी म्हटलं, हो, झालं. आणि पेंट कुठला आणतोस?

दोन दिवस त्याच्याशी बोलणार नाही.

९ जुलै
मेपलला किडे लागले. हिरवे, तांबूस पंखांचे, पानांची जाळी करून टाकली. इथे त्यांना जपानी बीटल म्हणतात. जपानी झाडाला जपानी किडा. मी हसले. मि. नाही हसला. चेरीलाही लागतात म्हणे, जिन्कगोला मात्र शिवत नाहीत. हे मी जेवताना सांगितलं, मुद्दाम.

आनंदची शिफ्ट बदलली आहे, असं मि. म्हणाला. आता एकटाच ड्राइव्ह करतो. सकाळी बघते तर आनंदची गाडी ह्याच्या मागोमाग निघते, रोज.

२७ ऑगस्ट
शेजारी गणपती. गाड्या आमच्या दारापर्यंत लागल्या. गेल्या वर्षी आम्ही नवे होतो तरी आग्रहाने बोलावलं होतं. मी मागे उभी राहिले होते, बावीस प्रतिज्ञा आठवत, गणपतीला देव मानणार नाही ही त्यातलीच एक, आणि मि. टाळ्या वाजवून आरती म्हणत होता. सगळी कडवी पाठ. यंदा बोलावणं नाही. गेले नसतेच मी. पण न जाणं वेगळं आणि न बोलावणं वेगळं.

मि.ने दुपारी नवा शर्ट घातला होता. विचारलं नाही का घातला. चारच्या सुमाराला काढून ठेवला. त्याचा राग राग करावा तर तेवढ्यापुरता करता येईना. वै.चा केला.

१७ सप्टेंबर
बाबा परत गेले नागपूरला. राहा म्हटलं अजून. म्हणाले, ह्या ऑक्टोबरात धर्मांतराला पन्नास वर्षं होतात, मले दीक्षाभूमीवर पाहिजेच. तेव्हा ते आठ वर्षांचे, माझ्या आजोबांच्या खांद्यावर होते. एअरपोर्टवर मि.च्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "जावईबापू, झाड कोणतंही लावा. पण पोरीले खरं सांगा." मि. मान खाली घालून बॅगचा पट्टा आवळत राहिला.

२४ सप्टेंबर
डेकवर कपडे झटकायला गेले. वै.च्या बागेतला बुद्ध नाही. मेपल आहे, खडी आहे, दगडाचा दिवा आहे. बुद्धाच्या जागी पक्ष्यांना पाणी प्यायचं भांडं.

बुद्ध जपानी, ह्या मि.च्या थीमवर तिचा तरी विश्वास होता. मि.चा स्वतःचा नव्हता. काय लिहायचं अजून.

मि.ला बोलावलं नाही. तो स्वतःच कचरा टाकायला बाहेर आला आणि दिसलं त्याला. कचऱ्याची पिशवी हातातच राहिली. मी वाट बघत होते, "बघ, मी सांगत होतो" म्हणेल म्हणून. उत्तर तयार होतं माझं. तो म्हणाला, "फेकला असेल का गं?"

मला माहीत नाही, म्हटलं. एवढंच.

१४ ऑक्टोबर
बाबांचा फोन आला दीक्षाभूमीवरून. गर्दीत काही ऐकू येईना, नुसता गजर. रमाने कानाला लावून ठेवला, बंद करू दिला नाही.

नर्सरीचा ट्रक दहाला आला. दोन्ही झाडं. चेरी आणि जिन्कगो, मुळं गोणपाटात बांधलेली, ड्राइव्हवेत शेजारी शेजारी. एक कॅन्सल करायचं होतं, दोघांनीही केलं नाही. खड्डा एकच. मि. सकाळपासून खणत होता, ती माती, घामाने निथळलेला. मी विचारलं, कुठलं लावतोयस? फावडं चालूच.

वै. समोरून चालत गेली, मैत्रीण बरोबर. मैत्रिणीने झाडांकडे बघून हात केला. वै.ने नाही.

मी त्याचाच प्रश्न त्याला विचारला, "आणि कुणी विचारलं तर?"

फावडं थांबलं. "कोण विचारतंय आता," म्हणाला. मग म्हणाला, पाणी आण.

पाइप ओढत आले तर खड्ड्यापाशी रमा उभी होती. त्याला विचारत होती, "डॅड, व्हिच वन इज अवर्स?" तो दोन्ही झाडांच्या मधे उभा. एक हात गोणपाटाच्या गाठीवर. कुठल्या झाडाच्या, ते मला पाठीमागून दिसलं नाही. मी पाइप हातात धरून तिथेच थांबले. तो रमाला काय सांगतो ते ऐकायचं होतं.