पेट्रोलचा काटा हलत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.
बायकोला बढती मिळाली. बरोबर बदलीही. नवं ऑफिस घरापासून बासष्ट किलोमीटर. आजपासून ती आमची गाडी घेऊन जाणार. गाडी बारा वर्षांची, पण माझ्या देखरेखीखाली असल्यामुळे ठणठणीत. तेवढा रिव्हर्स गिअर स्वतःच्या मर्जीने पडतो.

परिस्थिती अशी. बसने दोन तास, तेही बहुतेक उभ्याने. तो पर्याय पहिल्याच दिवशी बाद केला. गाडीने सव्वा तास, पण बढतीतली सगळी वाढ पेट्रोल पिणार. तिसरा पर्याय म्हणजे ऑफिसजवळ खोली. हिच्या ऑफिसातली एक बाई तिथं राहते, दुसरी खाट रिकामी आहे. सोमवार ते शुक्रवार तिकडे, शनिवार-रविवार घरी. हो की नाही ते तीस तारखेपर्यंत कळवायचं.

माझी काहीच हरकत नाही. मी स्वतंत्र वृत्तीचा माणूस आहे. एकवीस वर्षांत ही सलग पाच दिवस घराबाहेर राहिलेली नाही, हे आपलं सहज नोंदवून ठेवतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
पहिला आठवडा. एक टाकी फुल्ल आणि वर नऊ लिटर. लिटरला चौदा. जेवताना ही म्हणाली की असं फार दिवस चालणार नाही, खोलीचं बघायला हवं. मुलगी म्हणाली, आई, तू खुशाल जा, बाबांना मी सांभाळते. मला सांभाळायची वेळ कधी आली? दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपार.
मार्ग सापडला. व्हिडिओ तीनदा पाहिला. पाण्यात वीज सोडायची, हायड्रोजन निघतो, तो नळीने इंजिनात सोडायचा. पेट्रोल निम्मं लागतं. व्हिडिओतला माणूस म्हणतो, मोठ्या कंपन्या हे दाबून ठेवतात.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं सहायक आहे. पाण्यातून हायड्रोजन काढायचा प्रयोग दरवर्षी मीच मांडून देतो, सर फक्त बोलतात. मला कोणी शिकवायला नको. एक परीक्षानळी भरायला अर्धा तास लागतो, मग अख्ख्या इंजिनाला पुरेल का, अशी शंका मध्येच आली होती. पण मोठं काम हातात घेतलं की बारीकसारीक शंका बाजूला ठेवाव्या लागतात.

९ नोव्हेंबर, रविवार.
जुन्या वॉटर फिल्टरचं पारदर्शक भांडं घेतलं. नळी माशांच्या टाकीची. स्टीलच्या पट्ट्या हव्या होत्या म्हणून कपाटातल्या सहा ताटल्या कापल्या. त्या हिच्या आईने दिल्या होत्या, हे कापून झाल्यावर कळलं. कात्री हातात होती तेव्हाच कोणी सांगायला हवं होतं.

दुपारी गॅलरीत चाचणी. बुडबुडे आले. गॅस तोच आहे ना, हे पाहायला पेटती काडी नळीजवळ नेली. जो आवाज झाला तो अपेक्षितच होता. झाकण वरच्या मजल्यावर गेलं. ही धावत आली तेव्हा मी खाली बसलेलो होतो. पडलो नव्हतो. भुवया येतील परत. मी समजावलं की आवाज हाच पुरावा. आता मध्ये पाण्याची बाटली बसवतो, म्हणजे ज्योत उलटी येणार नाही. हिने विचारलं, हे माझ्या पायांपुढे बसवणार का. मी सांगितलं की बॉनेटखाली, चांगलं दोन हात लांब.

११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ६.४५.
काल संध्याकाळी ही आल्यावर बसवलं आणि टाकी फुल्ल केली. वायर ओढताना डॅशबोर्डमागचं काहीतरी निसटलं आणि किलोमीटरचा आकडा ९१,४०७ वर थांबला. काही बिघडत नाही. अंतर ठरलेलं आहे, जाऊन-येऊन एकशे चोवीस. त्यात मोजायचं काय?

हिला सूचना दिली की पंचेचाळीसच्या वर जायचं नाही. म्हणून आता साडेसहालाच निघावं लागणार, आणि यायलाही उशीर. निघताना ही माझ्याकडे बघत उभी राहिली. म्हणाली, किती वर्षांनी तुम्ही असे खुशीत दिसताय. मग गाडीत बसली, किल्ली लावली आणि डोळे मिटले. गाडी सुरू झाली. फाटकाबाहेर वळेपर्यंत मी श्वास रोखून धरला होता. काही उडालं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
काटा हललाच नाही. काटा अडकला असेल म्हणून पंपावर जाऊन टाकी पुन्हा फुल्ल केली. दोन लिटर बसलं. चार दिवसांचे चारशे शहाण्णव किलोमीटर, भागिले दोन. दोनशे अठ्ठेचाळीस. पुन्हा केलं. दोनशे अठ्ठेचाळीस. कॅल्क्युलेटरचे सेल बदलले. तेच.

पंपावरून सरळ घरी आलो, कोणाशी बोललो नाही. विनय म्हणून मायलेजच्या तक्त्यात साठ लिहिलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
भांड्यातलं पाणीही कमी होत नाही. म्हणजे खर्च ना पेट्रोलचा, ना पाण्याचा. यावर शांतपणे विचार करायला हवा, पण सध्या सवड नाही. पेटंटचं बघायचं आहे.

शाळेत सरांना आडून विचारलं. ते म्हणाले, वीज बनवायला जेवढं पेट्रोल जाळाल तेवढंही परत मिळणार नाही. आणि हसले. यांच्या बाटल्या मी बावीस वर्षं धुतोय. हसू देत.

१९ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी ७.३०.
कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आज फाटकापाशी घुटमळत होता. म्हणाला, साहेब, बॉनेटखाली काय बसवलंय. मी म्हटलं, काही नाही. त्याला कसं कळलं? सगळीकडे कान आहेत. गाडीवर कव्हर घालायला सुरुवात केली. ही वही आता रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवतो.

हिच्या सीटखाली बसची तिकिटं मिळाली. ऑफिसातल्या कोणाला तरी लिफ्ट देत असणार. त्यांनी निदान कचरा तरी टाकू नये.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
ही रोज बरोबर सात-दहाला येते. आल्या आल्या पाय गरम पाण्याच्या बादलीत. घोटे सुजलेत. क्लच कडक आहे, बघायला हवा. साडेआठला झोपते. गाडी आता इतकी स्मूथ चालते की मन शांत होत असणार. पूर्वी जेवणानंतर आम्ही तासभर बोलत बसायचो. आता मी एकटाच बसतो. पण घरात आहे ना ती, आतल्या खोलीत. श्वास ऐकू येतो. तेवढ्याचसाठी तर हे सगळं केलं.

वरचं वाक्य खोडायचं होतं. राहू दे.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
जेवताना जाहीर केलं की खोलीची आता गरज नाही, उद्याच नाही म्हणून कळवून टाक. हिने घास खाली ठेवला. मुलीकडे पाहिलं. मुलगी पंख्याकडे बघायला लागली. ही म्हणाली, तीसपर्यंत वेळ आहे, बघू. फार आनंद झाला की माणसाला शब्द सुचत नाहीत, तसं झालं असावं.

मुलीला नंतर विचारलं की एवढं गप्प काय बसलात. ती म्हणाली, बाबा, तुम्ही एक दिवस आईबरोबर जाऊन या ना. मी म्हटलं, माझं ऐंशी किलो वजन गाडीत आलं तर आकडे बिघडतील.

२६ नोव्हेंबर, बुधवार.
गॅरेजवाल्याने रस्त्यात गाठलं. म्हणाला, साहेब, तुमची गाडी रोज दिवसभर बसस्टँडच्या मागे उभी असते, मागच्या चाकात हवा कमी होती, काल मी भरली, मी सांगितलं असं मॅडमना सांगू नका. मी म्हटलं, माझी गाडी या वेळी बासष्ट किलोमीटरवर असते. तो म्हणाला, बरं. मान हलवून गेला.

खचवायचा डाव दिसतो. पांढऱ्या गाड्या शेकडो आहेत. डाव्या दाराला पोचा असलेल्याही असतील.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.
कामात लक्ष नव्हतं. दोन चंचुपात्रं फोडली. बसस्टँड घरापासून दोन किलोमीटर. जाऊन-येऊन चार. चार दिवसांचे सोळा. सोळा भागिले दोन केलं आणि कागद फाडला.

हिला विचारता आलं असतं. जेवताना समोरच होती. विचारलं नाही. चालू प्रयोगात ढवळाढवळ करू नये.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. रात्री ८.
गॅरेजवाल्याला खोटं पाडायला दुपारी अर्धी रजा टाकून बसस्टँडवर गेलो. मागे भिंतीला लागून गाडी उभी होती. आपलीच. दुसऱ्या किल्लीने उघडली आणि आत बसलो. साडेतीन तास. आधी खूप राग आला. काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं. विश्वास हा शब्द त्यात चार वेळा होता.

सहा-पन्नासला बस आली. खचाखच भरलेली. ही मधे उभी होती, वरचा दांडा धरून, आणि उभ्या उभ्या झोपली होती. कंडक्टरने हाताला स्पर्श करून उठवलं. उतरल्यावर खांबाला धरून तिने आधी एक पाय टेकला, मग दुसरा. मग बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलं, केस सोडून पुन्हा बांधले, गालांवर दोन चापट्या मारल्या. चेहरा ताजा झाला. सात-दहाला दारात दिसतो तोच. मग किल्ली काढून गाडीकडे यायला लागली.

मला पाहून थांबली. दार उघडून शेजारी बसली. जुळवून ठेवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. विचारलं, रोज? म्हणाली, रोज. पहिल्या दिवशी स्टँडपर्यंतच हिंमत झाली, पुढे त्या भांड्याचा बुडबुड आवाज ऐकवेना. मग मला सांगायचं तर मी हिरमुसणार, आणि यंत्र काढलं की पुन्हा पेट्रोलचा खर्च, म्हणजे खोली घ्यावी लागणार. खोली तिला नको होती. म्हणाली, संध्याकाळी घरी यायचं होतं, बाकी काही नाही.

मला रडू आलं. रुमाल तिनेच दिला.

मग मी म्हटलं, खोली घे. ती नको म्हणेल, मग मी आग्रह करीन, मग ती डोळे पुसत नाहीच म्हणेल, असं माझ्या मनात होतं. ती बरं म्हणाली. लगेच. मान मागे टेकवली आणि तिथूनच फोन लावला. खाट अजून रिकामी होती.