समोर, खाली

बा, तुला लिहायला बसले आहे ते गळा काढायला नाही. भांडायला.

धान कापून झालं की तू गावाबाहेरच्या मोकळ्या बांध्या बघत हिंडायचास. जमीन जिथे जरा उतरती असेल तिथली माती खोदायची, एका टोकाला थापायची, झाला रंगमंच. खोदलेल्या खोलगटात माणसं बसायची, मागे मोहाची झाडं. त्या मातीवर तू लुगडं नेसून राणी व्हायचास आणि आम्ही खऱ्या लुगड्यातल्या बाया धुऱ्यापलीकडे, शेताच्या बांधाआड, सगळ्यांच्या मागे. वारा आमच्या पाठीमागून वाहायचा, तुझा शब्द काही पोचायचा नाही. समोर बसलेले बापे डोळे पुसताना दिसत. कशासाठी, ते घरी येऊन विचारायचं. आईने एकदा म्हटलं, आम्ही पुढे बसलो तर नाटक मोडेल का? तू म्हणालास, "बाया फार बोलतात." जन्मभर गप्प राहिलेल्या बाईला म्हणालास.

आता ऐक. इथे हिंदी मुलखात, विकास नगरच्या घरात माझी नात माझ्याजवळ राहते, बागांचे नकाशे काढते. तळ्याकाठच्या उतारावर उघडं थिएटर करायचं काम तिला मिळालं. एकही झाड तोडायचं नाही, उताराच्याच पायऱ्या करायच्या. कागद पसरून मला विचारते, "आजी, औरतें कहाँ बैठेंगी?" मी म्हटलं, "समोर, खाली." पोरीला मराठी समजतं, असं तिला वाटतं. तिने खाली म्हणजे हिंदीतलं खाली, रिकामं, असं धरलं. बायका लाजून पुढची जागा रिकामी सोडत असतील, असं समजून रंगमंचाजवळची हिरवळ तिने कोरी ठेवली. कोरी जागा कधी कोरी राहते का? कॉलनीच्या समितीने तिथे साहेबांसाठी सोफे मांडले.

पहिल्या खेळाला मी सरळ उतरले आणि मधल्या सोफ्यावर बसले. एक बिल्लेवाला धावत आला. "अम्माजी, ये वीआईपी है. आप ऊपर, पीछे बैठ जाइए."

"भैया, पीछे बहुत बैठ ली."

नात कानाशी येऊन कुजबुजली, "आजी, प्लीज, मेरा पहला काम है."

"मग नीट कर. सोफे उचल."

मी वरच्या बायकांना हाका मारल्या. भांडीवाली आधी आली, तिच्या मागे बाकीच्या. शेवटी सोफे कडेला गेले, साहेब वाकडं तोंड करून बसले. नात अजून माझ्याशी धड बोलत नाही. नाही तर नाही. रंगमंचावरची मुलगी वाक्यापूर्वी श्वास घेते, तोसुद्धा मला ऐकू आला. आणि आम्ही बोललोही, मधूनमधून. नाटक मोडलं नाही.

हा कागद कुठे पाठवणार? राहील इथेच डब्यात. इथले लोक विचारतात, तुमचे वडील नाटकात कसे बोलायचे? खणखणीत, म्हणून सांगते. मला काय माहीत, बा. मी तुला कधी ऐकलंच नाही.