मॅक्वॅटरचं चरित्र

४ जानेवारी २०१३, शुक्रवार. वादी अदाई, आखात.
सुट्टी. गुडघेदुखीवर उपाय शोधता शोधता नेटवर मॅक्वॅटर सापडला. स्कॉटलंडचा फुटबॉलपटू. मूळचा खाणकामगार. १९०९ साली इंग्लंडच्या एका क्लबसाठी पहिल्याच मॅचमध्ये दोन गोल! पुढे गुडघा गेला. मराठीत याच्यावर एक ओळ नाही. म्हणजे मलाच लिहायला हवं. चारशे पानं. रोज दोन, जुलैत खलास.

५ जानेवारी.
रुसैलहून फॅक्टरीची बस उशिरा. थकलो. उद्यापासून रोज चार.

१८ जानेवारी.
अर्पणपत्रिका पूर्ण. ‘पत्नी श्वेता व कन्या उर्वी यांस, ज्यांच्यापासून दूर राहिल्यामुळेच हे शक्य झालं.’ गुहागरला फोन करून वाचून दाखवली. श्वेता म्हणाली, पुन्हा वाचा. वाचली. म्हणाली, भाजी करपतेय, ठेवते. भारावली असणार.

८ फेब्रुवारी.
रूममेट मुनीरला मॅक्वॅटर ऐकवला. त्याने विचारलं, शादीशुदा था क्या? मी म्हटलं, खेळाडूच्या खाजगी आयुष्यात आपल्याला इंटरेस्ट नाही. तरी मॅक्वॅटरच्या गावच्या लायब्ररीला ईमेल टाकला.

१ मार्च.
उत्तर आलं! लायब्ररीच्या बाई लिहितात, याची चौकशी करणारे तुम्ही पहिलेच. नातेवाईक का? ‘हो’ लिहिलं. संशोधनात एवढं चालतं.

१९ एप्रिल.
मे महिन्यातली सुट्टी पुढे ढकलली. उर्वीला पोहायला शिकवायचं होतं, पण घरच्या गडबडीत लिखाण होत नाही. तिला समजावलं. म्हणाली, बाबा, मी अजिबात आवाज नाही करणार. गुणी पोर. पण ओघ तुटला की तुटला. आतापर्यंत पानं तीन (अर्पणपत्रिका धरून).

१० मे.
मुनीर गावी गेला. खोलीत पूर्ण शांतता. लिहायला आदर्श! दुपारभर एसीतून बादलीत पडणारे थेंब ऐकले. श्वेताला दोनदा फोन केला. कामात होती.

२४ मे.
लायब्ररीकडून मॅक्वॅटरची पत्रं आली, बायकोला लिहिलेली. अकरा. सगळ्यांत तेच: एवढा सीझन, मग कायमचा घरी. क्लब मात्र दर वेळी आणखी लांबचा. शेवटचं पत्र अर्जेंटिनातून. सोबत बायकोचंही एक, क्लबच्या मॅनेजरला: माझे यजमान सध्या कुठे खेळतात, कृपया कळवावे. मी समासात टीप लिहिली: बाईंना करिअर म्हणजे काय ते समजलेलं दिसत नाही.

३१ मे.
पुस्तक पूर्ण! छोटेखानी. साडेचार पानं. श्वेताला फोनवर अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही तिने. शेवटी विचारलं, मग आला का तो घरी? म्हटलं, तशी नोंद मिळत नाही. पुढे मी नुसताच हॅलो, हॅलो करत राहिलो. मागे अंगणात उर्वी कुणाशी तरी हसत होती, ते स्पष्ट ऐकू येत होतं. म्हणजे लाइन चालू होती. बहुतेक माझाच आवाज पोचत नसावा.