चालू काट्याखालची लायब्ररी

मंगळवार, संध्याकाळ. पिंपळगाव राजा.

प्रवीण आज रडला. मले बरं वाटलं, लिहून टाकतो.

पुण्याहून आलेला हा नवा इंजिनिअर परवा काट्याच्या मालकासमोर माह्या वऱ्हाडी 'काऊन'वर, म्हणजे 'का'वर, हसला होता. ते हसू डोक्यातून जात नव्हतं.

आज भुईकाट्याच्या सॉफ्टवेअरमधलं पावतीचं जुनं मॉड्यूल त्याले काढायचं होतं. त्याच्यासोबत तो लायब्ररी, म्हणजे सगळ्या मॉड्यूलचा सामाईक कोड, तीही मेमरीतून काढून राह्यला होता. वजनाचं मॉड्यूल त्याच लायब्ररीवर चालते, आधी ते थांबवावं लागते. हे सॉफ्टवेअर इतकी वर्षं मीच सांभाळतो, मले दिसत होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी चहा पीत राह्यलो. काऊन नाही बोललो? ते हसू.

सोयाबीनची ट्रॉली काट्यावर असतानाच सगळा प्रोग्राम बंद पडला. शेतकरी ओरडले, मालक प्रवीणच्या अंगावर धावला. मग मी सावकाश उठलो, लायब्ररी जागेवर ठेवून प्रोग्राम नव्यानं चालू केला.

"दादा, तुम्ही होतात म्हणून वाचलो," प्रवीण म्हणाला. डोळे भरलेले.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "काऊन बे, आज हसून नाही राह्यला?"

मालक हसला, हमाल हसले. मग डोळे पुसत तोही हसला. हसावंच लागलं त्याले.